जीर्णोद्धाराची नीती

सरकारी अर्जातील एका रकान्याने आम्हांस गेले वर्षभर स्वस्थता लाभू दिलेली नाही. अर्ज तसा साधाच आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने मोटार वाहनांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे लोटलेल्या खाजगी गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. २०,००० रुपये शुल्क भरून अशा गाडीस १० वर्षांपुरते नवे नोंदणीपत्र मिळू शकते. मग ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणावयाची नाही; प्रदर्शन, संमेलन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढावयाची. हे सर्व समंजसपणाचेच आहे. परंतु त्याच नियमांत एक अट अशी आहे की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. तिचा सांगाडा, काया किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल झालेला असता कामा नये. आमची लेखणी ह्या अटीपाशी येऊन अडली. ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय, हे आम्हांस सांगता येईना. आणि जे सांगता येत नाही त्याखाली सही करणे प्रशस्त वाटेना.

वाचक म्हणतील, एका जुन्या मोटारीसाठी एवढा तत्त्वविचार कशाला? आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण लहान वस्तूंच्या निमित्ताने मोठे प्रश्न दारात येऊन उभे राहतात, हा अनुभव नवा नाही. आणि हा प्रश्न केवळ मोटारीचा नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल अशी आशा आहे.

गाडी एम्. जी. कंपनीची, ‘टी. सी.’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्याची आहे. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ ह्या अवधीत अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. दोनच माणसांची बैठक, तारांच्या आऱ्यांची उंच व अरुंद चाके, मागे उघडी दिसणारी पेट्रोलची टाकी, पुढे झोपविता येणारी काच, आणि १,२५० घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन. आजच्या कोणत्याही साध्या गाडीने तिला सहज मागे टाकावे अशीच तिची गती. परंतु त्या काळी तरुण माणसाच्या डोळ्यांत ती वाऱ्याची बहीण होती. आमच्या आजोबांनी ती १९४९ साली मुंबईत घेतली आणि डहाणूस आणली. तेव्हापासून ती चिकूच्या वाडीतील एका पडवीत उभी आहे. समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर आहे. भरतीच्या वेळी वाऱ्याबरोबर येणारा खार डोळ्यांना दिसत नाही; पण लोखंडाला तो बरोबर सापडतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतोच. त्यांत मीठ मिळाले की त्या क्रियेला पंख फुटतात. म्हणून किनाऱ्यावर जुनी गाडी राखणे म्हणजे दर पावसाळ्यानंतर तिची पुन्हा एकदा ओळख करून घेणेच असते. कुठे पत्रा फुगला आहे, कुठे ब्रेकचा ड्रम धरला आहे, कुठे तारांच्या टोकांवर तांबूस पूड साचली आहे, हे बोटांनी चाचपून पाहावे लागते.

ह्या पाऊणशे वर्षांत तिचे काय काय बदलले, ह्याची यादी आम्ही करावयास बसलो. ह्या गाडीची काया पत्र्याची दिसते खरी. परंतु तो पत्रा आतील लाकडी चौकटीवर ठोकलेला असतो, आणि ती चौकट विलायतेतील ‘ॲश’ नावाच्या वृक्षाच्या लाकडाची असते. आमच्याकडील चौकट दमट हवेने व वाळवीने आतून पोकळ झाली. ती एका स्थानिक सुताराने, जुन्या तुकड्यांवरून माप घेऊन, सागाची घडविली. पायाखालच्या फळ्या गेल्या. त्याही सागाच्याच झाल्या. इंजिनातील रिंगा, झडपा, बेअरिंगे अनेकवार बदलली. चाकांचे निम्म्याहून अधिक आरे नवे आहेत. अलीकडे पेट्रोलमध्ये मद्यार्काचे प्रमाण वाढत जाऊन २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटांना ते मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या सुजून पाझरू लागल्या, तेव्हा त्याही नव्या प्रकारच्या रबराच्या घालाव्या लागल्या. घड्याळाच्या तबकडीभोवतालची एक पितळी कडी हरवली होती. ती दागिन्यांचे ठसे कोरणाऱ्या एका कारागिराने करून दिली. डहाणू-चिंचणीच्या बाजूला ठसे कोरण्याची ही कला अनेक घरांत आहे. केसाएवढी रेषा पोलादावर कोरणाऱ्या हाताला मोटारीची कडी म्हणजे खेळच होता. रंग तीनदा दिला गेला. छताचे कापड किती वेळा बदलले ह्याची गणतीच राहिली नाही.

एवढे झाल्यावर ही गाडी ‘ती’ आहे काय?

हा प्रश्न पुरातन आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क ह्याने थीसिअसच्या नौकेची कथा सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ती तीस वल्ह्यांची नौका पिढ्यान्पिढ्या जतन केली. फळी कुजली की ती काढावी आणि मजबूत फळी बसवावी. शेवटी तत्त्वज्ञांत तिच्यावरून दोन पक्ष पडले. सतराव्या शतकात हॉब्स ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने ह्या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेविल्या आणि त्यांचीच दुसरी नौका बांधली, तर खरी नौका कोणती? ही शंका आम्हांस केवळ पुस्तकी राहिलेली नाही. कारण ॲशच्या त्या कुजलेल्या चौकटीचे तुकडे आमच्या माळ्यावर आजही आहेत. फेकावयास हात होत नाही, आणि ठेवून उपयोग नाही.

परंतु ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे ह्याच प्रश्नाचा विचार नौकेवरून न होता रथावरून झाला, आणि रथ हा मोटारीचा अधिक जवळचा नातलग आहे. ‘मिलिंदपञ्ह’ ह्या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनास भेटावयास येतो. नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? राजा म्हणतो, रथाने. मग नागसेन एकेक अवयव घेऊन विचारीत जातो : दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? अखेर राजाच्याच तोंडून असे वदविले जाते की, ह्या सर्व अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ हे केवळ एक व्यवहारातील नाव चालते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो. धाग्यांहून निराळे वस्त्र असते. पण त्यांनाही एक किंमत मोजावी लागली. वस्त्रातील एक धागा काढला की पूर्वीचे वस्त्र नाश पावते आणि त्या जागी दुसरे, खंडित वस्त्र उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागले. त्या हिशेबाने आमच्या पडवीत आजवर शेकडो मोटारी जन्मल्या आणि मेल्या. आम्ही मात्र एकीच्याच नावाने विमा भरीत आलो.

बौद्धांचे ऐकावे तर गाडी कधी नव्हतीच. नैयायिकांचे ऐकावे तर ती दर दुरुस्तीला मरते. व्यवहारी मनुष्य मात्र पडवीचे दार उघडून ‘हीच ती’ असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे असेही वाटत नाही. ह्याचे कारण आमच्या मते असे आहे की, ‘तेच’ हा शब्द आपण निदान तीन अर्थांनी वापरतो. एक द्रव्याने तेच. दुसरे आकाराने व कार्याने तेच. आणि तिसरे परंपरेने तेच, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हाती, मध्ये खंड न पडता चालत आलेले. हे तीन अर्थ बहुधा एकत्र नांदतात, म्हणून भेद लक्षात येत नाही. वस्तू जुनी झाली म्हणजे ते एकमेकांपासून सुटू लागतात.

द्रव्य टिकविल्यावाचून वस्तू टिकविता येते, ह्याचे उदाहरण आम्हांस दूर शोधावे लागत नाही. डहाणू व तलासरीच्या पाड्यांतून वारल्यांच्या घरी लग्न निघाले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. सुवासिनी तो लिहितात. धवलेरी गाणी म्हणते. चौकात पालघट देवी येते. लग्न झाल्यावर त्या चित्राला कोणी काच बसवीत नाही. भिंत पुन्हा सारवली जाते, चित्र पुसले जाते, आणि पुढच्या लग्नात तोच चौक पुन्हा लिहिला जातो. १९७० नंतरच्या काळात गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी ही कला कागदावर व कापडावर आणून जगापुढे ठेविली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु कागद येण्यापूर्वीही ती कला शेकडो वर्षे जिवंत होती, आणि ती राखली गेली ती पुसूनच. जपानातील इसे येथील देवस्थानाचीही हीच रीत आहे. तेथील मंदिर दर २० वर्षांनी नव्या लाकडात जसेच्या तसे बांधतात. अलीकडचे २०१३ साली पुरे झाले. त्या मंदिराचे एकही लाकूड प्राचीन नाही, आणि तरी ते प्राचीन आहे.

उलटपक्षी, नुसते नाव टिकले म्हणून वस्तू टिकली असेही होत नाही. ज्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात आमची गाडी झाली तो १९८० साली बंद पडला. नाव मात्र मालकामागून मालक बदलीत २००५ साली चिनी उद्योगाकडे गेले, आणि २०१९ पासून त्याच नावाच्या गाड्या गुजरातेत हालोल येथे तयार होऊ लागल्या. ती अष्टकोनी मुद्रा मिरवीत त्यांपैकी कित्येक तलासरीवरून मुंबईकडे धावताना दिसतात. त्यांना बनावट म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. नाव रीतसर विकत घेतलेले आहे. पण त्या गाड्या आणि आमची गाडी ह्यांच्यात मुद्रेवाचून दुसरे काय सामाईक आहे, हे सांगणे कठीण आहे.

आणि ‘मूळ’ तरी मुळात कितपत शुद्ध असते? ह्या इंजिनाच्या पानपेचांची एक गंमत आहे. बोल्टचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, आणि त्यांची डोकी मात्र व्हिटवर्थच्या इंग्रजी मापाची. तलासरीच्या मिस्त्रीने प्रथम तो बोल्ट हाती घेतला तेव्हा कोणी तरी मधल्या काळात भेसळ केली असावी अशीच त्याची समजूत झाली. वास्तविक ती भेसळ जन्माचीच आहे. कॉव्हेंट्री येथील जो कारखाना मॉरिस ह्यांनी १९२३ साली विकत घेतला तो मूळ हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा होता. त्याची यंत्रे मेट्रिक आटे पाडीत. यंत्रे बदलणे परवडेना, आणि इंग्रज मिस्त्रीच्या पेटीतील पाने तर सगळे व्हिटवर्थचे. तेव्हा आत फ्रेंच आणि बाहेर इंग्रज अशी तडजोड झाली. ज्याला आपण मूळ म्हणतो तेही पूर्वीच्या कशाची तरी दुरुस्तीच असते, हा धडा आम्ही त्या बोल्टापासून शिकलो.

इथवर आल्यावर अर्जाचा प्रश्न सुटला असे कोणास वाटेल. द्रव्य बदलले तरी आकार आणि परंपरा टिकली आहे; तेव्हा ‘मूळ स्वरूप’ असे लिहून मोकळे व्हावे. आम्हीही तेच लिहिण्याच्या बेतात होतो. पण मध्यंतरी अशी एक गोष्ट घडली की तो युक्तिवाद आम्हांस पुरेसा वाटेनासा झाला.

गाडीच्या खरेदीचा कागद शोधावा म्हणून आम्ही आजोबांच्या जुन्या वह्या काढल्या. आजोबांचा व्यवसाय गवताचा होता. डहाणू, उंबरगाव, तलासरी ह्या पट्ट्यातील गवत कापवून, त्याच्या गासड्या बांधवून, ते आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांना पाठवावयाचे. १९४९ च्या वहीत मोटारीची नोंद सापडली. सुवाच्य अक्षर, तारीख, किंमत, दलालाचे नाव, सारे जागच्या जागी. कुतूहलाने आम्ही आधीच्या वह्याही चाळल्या. १९४६ च्या वहीत गवत कापण्याची मजुरी पाचशे पौंडांस अडीच रुपये अशी पडली आहे. १९४४ च्या वहीत शेतीच्या व वाडीच्या कामापुढे मजुरीचा आकडाच नाही. नुसते ‘असामी १२’, ‘असामी ९’, आणि पुढची जागा कोरी.

त्या कोऱ्या जागेचा अर्थ ह्या भागात कोणास सांगावा लागत नाही. तीच वेठ होय. १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी वारली मोठ्या संख्येने जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या साहाय्याने त्यांनी वेठबिगार करावयाची नाही असा निश्चय केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन माणसे मेली. अडीच रुपयांचा दर हा त्या लढ्यातून मिळालेला दर आहे. १९४४ ची वही आणि १९४६ ची वही ह्यांच्या मध्ये जे घडले, ते आमच्या आजोबांच्या अक्षरात एका आकड्याने नोंदलेले आहे. आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्याच अक्षरात मोटार आलेली आहे.

आता ‘मूळ स्वरूप’ ह्या शब्दांकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आजवर आम्ही ज्याला मूळ म्हणत होतो ते म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवशीची झळाळी. त्या झळाळीसाठी आम्ही विलायतेहून रंगाचे नमुने मागविले, पितळी कडी करविली, निकेलचा मुलामा दिला. पण वस्तूचे मूळ केवळ ज्या कारखान्यात ती घडली तेथे असते काय? ज्या पैशाने ती आली, तो ज्या श्रमातून आला, तेही तिचे मूळच नव्हे काय? ते मूळ आम्ही कधी घासून उजळले नव्हते. उलट दर वेळी रंगाचा एक नवा थर त्यावर चढवीत होतो.

एका स्नेह्यांशी ह्याविषयी बोलणे झाले. त्यांचे मत स्पष्ट होते : गाडी विकून टाका, येणारा पैसा एखाद्या आश्रमशाळेस द्या, म्हणजे मनही मोकळे होईल आणि पडवीही. ह्या सल्ल्यात बळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या तालुक्यात पावसाळा सरला की माणसे वीटभट्टीवर किंवा शहरात मजुरीस जातात, तेथे एका निरुपयोगी वाहनावर दरवर्षी पैसा व श्रम वेचणे ही चैन आहे, आणि तिला कलेची उपासना म्हणून मोठे नाव देण्यात दंभ आहे. गाडी जो धूर सोडते तोही निष्पाप नव्हे. १९९१ साली पर्यावरणाच्या रक्षणासाठी ज्या तालुक्यावर सरकारने खास निर्बंध घातले त्याच तालुक्यात ती धूर सोडते. शिवाय आमच्या प्रेमात मिरविण्याची हौस मुळीच नाही असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. रस्त्यात गाडी थांबली असता मुले भोवती गोळा होतात, तेव्हा आमची मान किंचित ताठ होते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी आरशात पाहिले आहे.

तरीही विक्रीचा सल्ला आम्हांस पटला नाही, आणि त्याचे कारण केवळ मोह हेच आहे काय, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. विकल्याने वस्तू दूर जाईल, पण वही राहीलच. गाडी विकत घेणारा तिच्यावर आणखी एक थर रंग देईल, तिचा एक गोड इतिहास सांगू लागेल, आणि वहीतील कोऱ्या जागेचा व गाडीचा संबंध कायमचा तुटेल. दान करून जे ऋण फिटते त्याची रक्कम आधी ठाऊक असावी लागते. येथे रकमेच्या जागी काहीच लिहिलेले नाही. अशा ऋणापुढे माणसाला पहिले कर्तव्य करता येते ते एवढेच, की ते मान्य करावे आणि त्याचा पुरावा नष्ट होऊ देऊ नये. दान त्यानंतर यावे. त्याऐवजी येऊ नये.

आमच्या गाडीचे काम गेली बारा वर्षे जो मिस्त्री पाहतो तो तलासरीचा, जातीने वारली. महामार्गावरील ट्रकांच्या हाताखाली तो हे काम शिकला. इंजिनाला कान लावून कोणत्या झडपेचे अंतर वाढले आहे ते तो सांगतो, आणि दोन कार्ब्युरेटरांचा श्वास एकसारखा करण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे त्यांच्या तोंडाशी धरतो. वैद्याने नाडी पाहावी तसे. वही सापडल्यानंतरच्या रविवारी तो आला असता आम्ही न राहवून त्याला विचारले, तुझे आजोबा आमच्याकडे गवत कापावयास होते काय? तो नट आवळीत होता. मान वर न करता तो म्हणाला, “आजोबा गवत कापायचे, एवढं ठाऊक आहे. कोणाचं, ते विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.” आणि मग, “तो बारीक पाना द्या, काका.”

आम्ही पाना दिला. ह्याहून अधिक काही बोलणे झाले नाही. आणि त्या क्षणी काही अधिक बोलणे म्हणजे आमच्या मनाचे ओझे त्याच्या खांद्यावर टाकणेच झाले असते.

परंतु त्या उत्तराने आमचा प्रश्न निश्चित झाला. वस्तूची एकता कशात आहे ह्याचा निर्णय तत्त्वज्ञांनी करावा. आमच्यापुढे प्रश्न एकतेचा नसून सत्याचा आहे. दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक लपविणारी व दुसरी सांगणारी. लपविणारी दुरुस्ती असे भासविते की काळ येथून गेलाच नाही. सांगणारी दुरुस्ती वस्तू चालती ठेविते, पण कोठे काय मोडले होते, कोणी सांधले, कशाने सांधले, हे पाहणाऱ्यास विचारता येईल असे ठेवते. जुन्या वास्तूंविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिच्यात हेच तत्त्व आहे : नवा भाग जुन्याशी विजोड नसावा, पण तो जुनाच आहे असा भासही होऊ नये. मंदिराचा जीर्णोद्धार करणारे आपले पूर्वजही पुष्कळदा शिळेवर तसे कोरून ठेवीत. अमक्याने अमक्या शकात हे पुन्हा बांधिले. त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. मूळचेच आहे असे भासविण्यापेक्षा आम्ही सांभाळले असे म्हणणे त्यांना अधिक भूषणावह वाटे.

म्हणून आम्ही एक वही घातली. तिच्यात गाडीचा प्रत्येक बदललेला भाग, जितके आठवले व कागदांवरून सापडले तितके, वर्षानुक्रमे लिहिले. सागाची चौकट कोणी केली, कडी कोणी कोरली, आरे कोणी ओढले, रबराच्या नळ्या केव्हा बदलल्या. पहिल्या पानावर १९४४ व १९४६ च्या नोंदी, कोऱ्या जागेसकट, जशाच्या तशा उतरून घेतल्या आणि त्याखाली १९४९ ची मोटारीची नोंद. घरातील एका वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. आपल्याच माणसाची उणी बाजू आपणच कशाला मांडावी, असे त्यांचे म्हणणे. आजोबा प्रेमळ होते, हे आम्हांसही ठाऊक आहे. त्यांच्या मांडीवर बसूनच आम्ही ह्या गाडीत पहिल्यांदा डहाणूचा किनारा पाहिला. त्यांचा प्रेमळपणाही खरा आणि ती कोरी जागाही खरी. जीर्णोद्धार करणाऱ्याने दोहोंपैकी एकाची निवड करावयाची नसते. पत्रा गंजला होता असे म्हटल्याने गाडीची निंदा होत नाही. गंज न पाहता त्यावर रंग देणाराच शेवटी ती गमावतो.

मिस्त्रीचे नाव लिहिताना आम्ही त्याला विचारले, कसे लिहू? आम्हांस वाटले होते, नाव आणि गाव पुरे म्हणेल. त्याने स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे अशी तिन्ही नावे सांगितली, पाडा सांगितला, आणि लिहून झाल्यावर वही हाती घेऊन शुद्धलेखन तपासले. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते ते दुरुस्त करविले. ती नावे आम्ही येथे छापीत नाही. ती ज्या वहीत असावयास हवीत त्या वहीत आहेत. ‘असामी १२’ ह्या नोंदीखाली आता निदान एका माणसाचे पुरे नाव आहे, आणि ते त्याने स्वतः तपासलेले आहे. ह्याने काही ऋण फिटले असा आमचा भ्रम नाही.

अर्जाच्या त्या रकान्यात आम्ही ‘मूळ स्वरूपात आहे’ असे लिहिले नाही, आणि ‘नाही’ असेही लिहिले नाही. ‘सोबतची यादी पाहावी’ असे लिहून बदललेल्या भागांची नक्कल जोडली. खिडकीवरील कारकुनाने ती पाने चाळून, एवढे लिहावयाची आवश्यकता नव्हती, असे सौम्यपणे सुचविले. त्याचे खरेही असेल. अर्जाचा निर्णय अद्याप लागलेला नाही, आणि लाकडी चौकट हा मोठा फेरबदल ठरून तो प्रतिकूल लागला तर गाडी पडवीबाहेर निघणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तसे झाले तर वाईट वाटेल. पण खोट्या शब्दावर रस्त्यावर धावण्यापेक्षा खऱ्या यादीसह पडवीत उभे राहणे तिला अधिक शोभेल, असे आम्ही मनाशी ठरविले आहे.

वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरी मोटार नसेल. परंतु आजीची पैठणी, पणज्याची पोथी, गावाकडील वाडा, देव्हाऱ्यातील झिजलेला टाक, असे काही तरी जुने बहुतेक घरी असते. त्याला तेलपाणी करण्याची हौस आपल्याला आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र पुढल्या खेपेस ती वस्तू हाती घेतली म्हणजे ती कोणी घडविली, कोणाच्या श्रमाने आपल्या घरी आली, आणि मध्यंतरी कोणाच्या हातांनी टिकली, एवढे तीन प्रश्न स्वतःस विचारून पाहावेत. उत्तर येईल तेथे ते लिहून ठेवावे. येणार नाही तेथे जागा कोरी सोडावी, पण ती कोरी आहे हे दिसू द्यावे.